श्रेयाचा फेरफार

जामनेरहून पहूरमार्गे फर्दापूर गाठावे आणि तेथून वाघूर नदीच्या वळणावर कोरलेली अजिंठ्याची लेणी पाहावीत, म्हणजे विस्मयाच्या पाठोपाठ एक हिशेबी शंकाही मनात येते. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात, ते लेणे वाकाटक नृपती हरिषेण याच्या वराहदेव नामक अमात्याने दान म्हणून करविल्याची नोंद आहे. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिल महिन्यात, शिकारीच्या निमित्ताने तेथे आला असता, चित्राच्या अंगावरच ओरखडलेले स्वतःचे नाव आहे. म्हणजे ज्याने द्रव्य दिले त्याचे नाव राहिले, आणि जो नुसता येऊन गेला त्याचेही राहिले. परंतु ज्यांनी भिंतींवर लिंपण चढविले, रंग खलले आणि अपुऱ्या उजेडात त्या जातककथा चितारल्या, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आज आपणांस सांगता येत नाही. यात कोणाचा दुष्टावा होता असे मानण्याचे कारण नाही. चितारणाराचे नाव लिहिण्यासाठी त्या काळच्या शिरस्त्यात रकाना नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्या कामाला रकाना नाही ते काम, कितीही मोठे असले तरी, दफ्तरी दाखल होत नाही.

रकान्याचा हाच प्रश्न आज मुक्तस्रोत आज्ञावलींच्या व्यवहारात नव्याने उभा राहिला आहे. जिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो आणि पुन्हा वाटता येतो, ती मुक्तस्रोत आज्ञावली. खिशातील ॲन्ड्रॉइड फोनच्या बुडाशी असलेले लिनक्स, फायरफॉक्स हा ब्राउझर, असंख्य संकेतस्थळे चालविणारे वर्डप्रेस, ही सर्व या जातीची. यांपैकी काहींवर मोठ्या कंपन्यांची पगारी माणसे काम करतात हे खरे. तथापि कोणी एखादी चूक हुडकून कळवितो, कोणी जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती चालवून पाहतो, कोणी माहितीपुस्तक लिहितो, कोणी आपल्या भाषेत भाषांतर करतो, आणि कोणी नवख्यांच्या त्याच त्या शंकांना न कंटाळता उत्तरे देतो, तेव्हा कोठे हा गाडा चालतो. आणि हे करणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्याबद्दल एक पैही मिळत नाही. जवळजवळ कोणतीही अट न घालणारा म्हणून प्रसिद्ध असलेला एमआयटी परवाना घेतला, तरी त्यातही एक अट राहतेच, ती ही की, स्वामित्वाची मूळ नोंद काढून टाकता कामा नये. सर्व काही देऊन टाकणाऱ्यानेही नाव तेवढे राखून ठेवले, यावरून या व्यवहारात नावाचे मोल काय आहे ते समजते. पण परवान्याचे हे संरक्षण ज्याचा मजकूर आज्ञावलीत उतरला त्याच्यापुरते. ज्याने चूक हुडकली अथवा शंका निरसली, त्याच्याविषयी परवाना मौन बाळगतो.

या नोंदी प्रत्यक्ष कशा होतात ते पाहण्यासाठी आपल्या महसुली दफ्तराचा दाखला घेणे सोयीचे पडेल. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावे आहे एवढे दिसते. पण नावाशेजारी वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफाराचे क्रमांक होत, आणि खरा इतिहास गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, हिच्यात असतो. खातेदार मयत झाला अथवा खरेदीखत झाले की वारस किंवा खरेदीदार वर्दी देतो, तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीची मुदत सरते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. वर्दी देणारा निराळा, लिहिणारा निराळा, प्रमाणित करणारा निराळा. आणि तिघांचीही ओळख त्या एका नोंदीत कायम राहते. जामनेरच्या तहसील कचेरीच्या ओसरीवर ज्याने जुन्या फेरफारासाठी खेटे घातले असतील, त्याला ‘गिट’ समजावून सांगण्यास पाच मिनिटे पुरतील.

लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने २००५ साली रचलेली ‘गिट’ ही आज्ञावलींची फेरफार-नोंदवहीच आहे. तीत प्रत्येक बदलाबरोबर दोन नावे जातात: बदल मुळात कोणी लिहिला हे एक, आणि तो मुख्य प्रतीत कोणी दाखल करून घेतला हे दुसरे. दूरच्या कोणा अनोळखी माणसाने पाठविलेली दुरुस्ती प्रकल्पाच्या प्रमुखाने स्वीकारली, तरी लेखक म्हणून नाव त्या अनोळखी माणसाचेच राहते. लिनक्समध्ये याच्याही पुढे जाऊन २००४ पासून, म्हणजे गिटच्याही आधीपासून, प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहिण्याचा शिरस्ता पडला. त्याचे तात्कालिक कारण श्रेय हे नसून, लिनक्समधील मजकुराच्या मालकीवरून न्यायालयात उपस्थित झालेला वाद हे होते. हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे, असे देणाऱ्याने आपल्या सहीनिशी लिहून द्यावे, असा तो बंदोबस्त होता. पण एकदा रकाना पडला की त्याला शेजारी मिळतात. चूक कळविणाऱ्यासाठी ‘रिपोर्टेड-बाय’, चालवून पाहणाऱ्यासाठी ‘टेस्टेड-बाय’, बारकाईने तपासणाऱ्यासाठी ‘रिव्ह्यूड-बाय’, दोघांनी मिळून लिहिले असल्यास ‘को-डेव्हलप्ड-बाय’, अशा ओळी क्रमाने रूढ झाल्या. आणि ज्याने आज्ञावलीचे एक अक्षरही लिहिले नाही, पण ती कोठे अडते हे नेमके दाखविले, त्याचे नाव त्या बदलाच्या अंगालाच कायमचे चिकटून राहू लागले. एखाद्या समारंभात घातलेल्या हारापेक्षा ही एक ओळ मला अधिक न्याय्य वाटते.

अर्थात नोंदवही चांगली म्हणून कारकून चांगला असतोच असे नाही. नवख्याने पाठविलेली दुरुस्ती प्रमुखाने वाचावी, ती थोडी कच्ची आहे म्हणून नाकारावी, आणि महिन्याभराने तीच कल्पना स्वतःच्या नावे दाखल करावी, हे प्रकार घडतात. पुष्कळदा त्यात लबाडी नसून घाई असते; ‘त्याला समजावून सांगण्यापेक्षा आपणच लिहिलेले बरे’ हा विचार असतो. पण फळ एकच. पहिल्या खेपेस ज्याचे नाव गेले तो दुसऱ्या खेपेस फिरकत नाही.

मराठीच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा भाग भाषांतराचा आहे, म्हणून तेथे थोडे रेंगाळू. लिनक्सच्या पडद्यावर दिसणारी ‘ग्नोम’ किंवा ‘केडीई’ ही सज्जा मराठीत वापरता येते, ती स्वयंसेवकांनी आणि काही पगारी भाषांतरकारांनी हजारो लहानलहान वाक्ये एकेक करून मराठीत आणली म्हणून. हे काम ‘पीओ’ नावाच्या साध्या मजकुराच्या फायलीत चालते: वरच्या ओळीत मूळ इंग्रजी वाक्य, खालच्या ओळीत त्याचे भाषांतर, पुन्हा वर मूळ, खाली भाषांतर, अशी ती शेकडो पायऱ्यांची उतरंड असते. फायलीच्या माथ्यावर ‘लास्ट-ट्रान्स्लेटर’ असा एक रकाना आहे, आणि अन्यायाचे बीज नेमके त्यातच आहे. कारण हा रकाना एकाच नावाचा असून, जो शेवटी फाईल जतन करतो त्याचे नाव आधीच्या नावाला पुसून तेथे बसते, आणि पुष्कळ साधने तर ही अदलाबदल न विचारताच करून टाकतात. पाचशे वाक्यांचे भाषांतर एकाने केले, त्यानंतर दुसऱ्याने दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले, तर माथ्यावर दुसरा विराजमान होतो. पहिल्याचे नाव राहिलेच तर वरच्या टिपेच्या ओळींत, तेही कोणी हाताने लिहून ठेवले असेल तर.

ग्नोमच्या मंडळींनी यावर काढलेली तोड मोठी नामी आहे. भाषांतरासाठी आलेल्या वाक्यांतच त्यांनी ‘ट्रान्स्लेटर-क्रेडिट्स’ असे एक वाक्य पेरून ठेवले. त्याचे भाषांतर करावयाचे नसते. त्याच्या खालच्या ओळीत भाषांतरकारांनी आपापली नावे लिहावयाची असतात, आणि ती नावे त्या आज्ञावलीच्या ‘विषयी’ या चौकटीत, मूळ कर्त्यांच्या शेजारी, वापरणाऱ्यास दिसतात. केडीईतही याच धर्तीची सोय आहे. भाषांतराची फाईल पुरी करण्याच्या वाटेवरच श्रेयाचा रकाना येत असल्यामुळे त्याला वळसा घालून जाता येत नाही. तो कोरा सोडला तर फाईलच तितकी अपुरी राहते. ज्याने ही युक्ती काढली त्याला मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे. तरीही एक काम या रकान्यातून निसटतेच. वारंवार येणाऱ्या संज्ञांना मराठीत कोणते प्रतिशब्द सर्वत्र सारखे वापरावेत, हे ठरविण्यासाठी पुण्यात रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने ‘फ्युएल’ नावाचा उपक्रम सुरू झाला, आणि त्याच्या पद्धतीत भाषाप्रेमींनी एकत्र बसून शब्दाशब्दावर खल करणे अभिप्रेत होते. अशा बैठकीत ज्याने एखादा अवघड शब्द नाकारून सोपा सुचविला, त्याचा शब्द लाखो पडद्यांवर झळकतो आणि नाव एकाही फायलीत नसते.

मराठीला हा विवेक परका नाही. पिंपळनेर या धुळे जिल्ह्यातील गावी १९०१ साली जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे जो मराठी विश्वकोश सिद्ध झाला आणि ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, त्याच्या नोंदींच्या अखेरीस लेखकाचे नाव दिलेले असते; आणि जेथे मूळ नोंद इंग्रजीत लिहून घेऊन तिचे मराठी रूपांतर केलेले असेल, तेथे एका नावापुढे ‘इं.’ आणि दुसऱ्यापुढे ‘म.’ अशी अक्षरे कंसात घालून दोघांचा वाटा वेगळा दाखविलेला असतो. त्या दोन इवल्या अक्षरांनी केवढा न्याय केला आहे! ‘अनेक विद्वानांच्या साहाय्याने’ असे प्रस्तावनेत एकदा लिहून मोकळे होणे संपादकमंडळास कितीतरी सोपे गेले असते.

मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पानेही असेच केले आहे. सायलॅब या गणिती आज्ञावलीत अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून पुन्हा सोडवून घेऊन त्यांच्या ज्या पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केल्या, त्यांच्या मुखपृष्ठावर विद्यार्थ्याचे नाव, शाखा, महाविद्यालय, मार्गदर्शक शिक्षक आणि काम पडताळून पाहणारा, असा सगळा तपशील छापलेला असतो. शिवाय विद्यार्थ्याला मानधनही मिळते. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’च्या मराठी पाठांत भाषांतर कोणाचे आणि आवाज कोणाचा हे पाठाच्या शेवटी बोलूनच सांगितले जाते. जामनेरहून एस.टी.ने रोज जळगावच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला मुलाखतीच्या वेळी दाखविण्याजोगे याहून भक्कम काय असणार?

जितके न्याय्य श्रेय देणे महत्त्वाचे तितकेच ते नेमके देणेही महत्त्वाचे आहे, आणि या बाबतीत खानदेशाजवळ एक उत्तम उदाहरण आहे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांच्या ओठांवर आलेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी कागदावर उतरून घेतली म्हणून टिकली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. या दोघांनी टिपून घेतले नसते तर मराठी वाङ्मय एका थोर कवयित्रीला मुकले असते, हे निर्विवाद. परंतु म्हणून त्यांना सहकवी कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. लेखनिकाचे श्रेय लेखनिकाचे, कवीचे कवीचे. मुक्तस्रोतांतील काही मंडळी औदार्याच्या भरात सर्वांना एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत, ‘योगदानकर्ते’ म्हणून बसवितात. त्याने कोणाचा अपमान होत नसेल, पण कोणाला काही कळतही नाही. लिनक्सबरोबर ‘क्रेडिट्स’ नावाची जी जुनी फाईल येते, तीत प्रत्येक नावाखाली ‘डी’ या अक्षराने सुरू होणारी ओळ असते आणि तीत त्या माणसाने काय केले ते चार शब्दांत सांगितलेले असते. ही यादी अपुरी आहे, असेही ती फाईल आरंभीच कबूल करते. आमच्या स्मरणिकांच्या संपादकांनी एवढे दोन गुण उचलले तरी पुष्कळ होईल.

आता मोजणीकडे वळू, कारण बहुतेक घोटाळे तेथेच होतात. कोणी किती बदल दाखल केले हे यंत्र क्षणार्धात मोजून देते; म्हणून ज्याचा आकडा मोठा त्याचा मान मोठा, असा समज सहज रूढ होतो. दुसऱ्याचे काम तपासून त्यातील घातक चूक वेळीच अडविणाऱ्याचा आकडा मात्र शून्य राहतो, आणि एकच दुरुस्ती दहा तुकड्यांत पाठविणारा दहापट कर्तबगार ठरतो. ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाच्या वार्षिक उपक्रमात ठरावीक संख्येने बदल पाठविणाऱ्यास सदरा भेट मिळत असे; त्याचा परिणाम २०२० च्या ऑक्टोबरात असा झाला, की माहितीपत्रकात एखादे विशेषण घुसडलेल्या निरर्थक दुरुस्त्यांचा प्रकल्पांवर पाऊस पडला, स्वयंसेवक त्या नाकारता नाकारता जेरीस आले, आणि ज्यांनी आपण होऊन संमती दिली असेल त्याच प्रकल्पांतील काम गणले जाईल, असा नियम आयोजकांना त्या महिन्याच्या आरंभीच घाईघाईने करावा लागला.

मग गौरव करूच नये काय? अर्थशास्त्रज्ञ याना गालुस यांनी जर्मन विकिपीडियावर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने लिहू लागलेल्या पात्र सदस्यांपैकी काहींना निव्वळ शाब्दिक सन्मान देण्यात आला. ना पैसा, ना वस्तू. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात पुढील महिन्यातही काम करीत राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांनी अधिक आढळले. हा निष्कर्ष पुष्कळजण उत्साहाने सांगतात, पण त्यातील एक तपशील गाळतात: पात्र सदस्यांतून सन्मानार्थींची निवड प्रयोगाच्या गरजेपोटी चिठ्ठी टाकावी तशी यदृच्छेने झाली होती. शेजारच्याने तितकेच काम केले असता त्याला काही मिळाले नाही, आणि तरीही सन्मानाने आपले कार्य केले. तेव्हा सन्मान परिणामकारक असणे ही एक गोष्ट आणि तो न्याय्य असणे ही दुसरी. पहिलीचा पुरावा दुसरीसाठी चालत नाही.

डेबियन या लिनक्सच्या वितरणाने शब्दांपेक्षा अधिक काही दिले. तेथे प्रकल्पाचे पूर्ण सदस्यत्व, म्हणजेच मतदानाचा हक्क, हा प्रामुख्याने आज्ञावलींच्या जुळणीचे काम करणाऱ्यांचा मानला जाई. २०१० साली सदस्यांनी मतदानाने ठराव करून भाषांतर, लेखन, आरेखन अशी इतर कामे करणाऱ्यांसही पूर्ण सदस्य होण्याचा दरवाजा उघडला. आभाराची ओळ कोणीही लिहितो. निर्णयात वाटा देताना मात्र जुन्या हक्कदारांना स्वतःचा थोडा हक्क सोडावा लागतो.

श्रेयाने पोट भरत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. २०२४ च्या मार्चअखेर ‘एक्स-झेड’ या, जगातील असंख्य संगणकांवर असलेल्या लहानशा आज्ञावलीत कोणीतरी चोरदरवाजा ठेवल्याचे उघडकीस आले. ती आज्ञावली वर्षानुवर्षे एकच स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळीत होता. तो थकला असताना बाहेरून त्याच्यामागे कामाचा तगादा लागला, आणि मदतनीस म्हणून पुढे आलेल्या एका टोपणनावाने त्याचा विश्वास संपादन करून आपला डाव साधला. त्या स्वयंसेवकाचे नाव सर्व कागदपत्रांत यथास्थित होते. नावाची उणीव नव्हती, उणीव दुसऱ्या हाताची आणि पगाराची होती. शिवाय फावला वेळ ही सर्वांना सारखी वाटलेली चीज नाही. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत घरी राबणारी मुलगी आणि शहरात स्वतंत्र खोलीत संगणकापुढे बसणारा मुलगा, यांच्या नोंदींची संख्या सारखी असेल, तर तिचा वाटा अधिक म्हणावयास हवा. पण असा रकाना अद्याप कोणी पाडलेला नाही, आणि पाडावा कसा हे मलाही सुचत नाही.

त्या मुलीच्या बाबतीत निदान एक अडचण मात्र सुटण्याजोगी आहे. आमच्याकडे लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची चाल अजून आहे. त्यामुळे तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाची खाती यंत्राच्या लेखी दोन निराळ्या व्यक्तींची होतात. गिटमध्ये यासाठी ‘मेलमॅप’ नावाची एक छोटी फाईल ठेवता येते. एका ओळीत आजचे नाव व पत्ता आणि त्यापुढे पूर्वीचे, एवढे लिहिले की जुन्या नोंदींना हात न लावता त्या सर्व एकाच नावाखाली दिसू लागतात. कोणते नाव पुढे ठेवावयाचे हे अर्थात तिने ठरवावे. कित्येकांना आपले नाव चव्हाट्यावर नकोच असते, तेव्हा विचारल्यावाचून कोणाचे पूर्ण नाव छापणे हाही सन्मान नव्हे.

राहता राहिले निवृत्तांचे. लिनक्समध्ये आज कोणता भाग कोणाकडे आहे हे ‘मेंटेनर्स’ या फायलीत लिहिलेले असते. एखादा प्रतिपालक काम सोडतो, नोकरी बदलतो किंवा मृत्यू पावतो. मग त्याचे नाव तेथे तसेच ठेवले तर लोक त्याला पत्रे पाठवीत राहतात, आणि नुसते पुसले तर कृतघ्नता होते. म्हणून तेथून नाव काढताना ते पुष्कळदा ‘क्रेडिट्स’ फायलीत नेऊन ठेवतात, खाली ‘डी’च्या ओळीत त्याने सांभाळलेल्या भागाचा उल्लेख करून. हे स्थलांतर आपोआप होत नाही. कोणाला तरी ध्यानात ठेवून, दोन्ही फायलींत दुरुस्ती करून, तो बदल रीतसर पाठवावा लागतो. आणि तो दाखल झाला की नोंदवहीत लेखक म्हणून नाव लागते ते पाठविणाऱ्याचे.